रॅमच्या दुप्पट स्वॅप ठेवा म्हणतात, पण खरंच तेवढा लागतो का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. त्यामुळे झालं काय, तर कीबोर्ड ठीक, स्क्रीन ठीक, पण विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. मग मित्रांपैकी कुणीतरी सांगतं, "फेकू नको, लिनक्स टाक त्यावर, मस्त चालेल." पेनड्राइव्ह तयार होतो, दोन-तीनदा नेक्स्ट दाबून होतं, आणि डिस्कचे भाग स्वतः पाडायचा पर्याय निवडला की प्रश्न समोर येतो : स्वॅप किती ठेवायचा?

सर्च केलं तर गोंधळ वाढतोच. एक म्हणतो, रॅमच्या दुप्पट. दुसरा म्हणतो, निम्मा पुरे. तिसरा म्हणतो, एसएसडी असेल तर स्वॅप ठेवूच नका, डिस्क मरेल. तिघंही अगदी ठामपणे सांगतात. आणि गंमत म्हणजे तिघांच्याही सल्ल्यामागे कधी ना कधी काहीतरी खरं कारण होतं.

बरं, हा प्रश्न फक्त लिनक्सवाल्यांचा नाही. विंडोजमध्ये हीच गोष्ट पेजफाइल या नावाने असते. मॅकमध्ये ती न विचारता चालू असते. आणि मोबाइलच्या दुकानात ती '८ जीबी + ८ जीबी रॅम' म्हणून विकली जाते. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती भडकल्या, कारण मेमरी चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा मोठा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वाढवायची सोयच नाही. म्हणजे आहे त्या रॅमवर आणखी दोन-तीन वर्षं काढायची असतील, तर हा आकडा नीट ठरवलेला बरा.

ओटा छोटा, म्हणून माळा

स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे रॅम. सगळं काम तिथेच होतं, हात टाकला की वस्तू मिळते, पण जागा मोजकी. स्वॅप म्हणजे माळा. चकलीचा सोऱ्या, मोठं पातेलं, पाहुणे आले तरच लागणारी ताटं तिथे जातात. रोज लागत नाही, पण फेकायचंही नाही, अशा वस्तूंसाठी माळा असतो.

कॉम्प्युटर हेच करतो. चालू असलेल्या प्रोग्रॅमची मेमरी तो छोट्या-छोट्या तुकड्यांत वाटतो. त्यांना 'पानं' म्हणतात आणि बहुतेक कॉम्प्युटरवर एक पान ४ किलोबाइटचं असतं. सकाळी उघडून विसरलेला एखादा टॅब, मागे नुसता बसून राहिलेला प्रोग्रॅम, यांची पानं बराच वेळ कुणी मागत नाही. रॅम कमी पडू लागली की ऑपरेटिंग सिस्टिम ती पानं डिस्कवर ठेवून येते आणि मोकळी झालेली जागा हातातल्या कामाला देते. तो टॅब परत उघडला की पानं पुन्हा खाली.

ही युक्ती आजची नाही. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या टीमने बनवलेल्या ॲटलस कॉम्प्युटरमध्ये १९६२ सालीच असं काहीसं होतं. महागडी मुख्य मेमरी थोडी, तिच्या मदतीला स्वस्त पण संथ असा फिरता चुंबकीय ड्रम, आणि दोघांमध्ये पानांची ने-आण मशीन स्वतःच करणार. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटावं की सगळी मिळून एकच मोठी मेमरी आहे.

अडचण एकच. माळ्यावर चढायला वेळ लागतो. किती वेळ? रॅममधून एखादी गोष्ट काढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या हजारपट आणि फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून असं बघा : ओट्यावरचं मीठ उचलायला १ सेकंद लागतोय असं धरलं, तर एसएसडीच्या माळ्यावरून ते आणायला १६-१७ मिनिटं लागतील. हार्ड डिस्कच्या माळ्यावरून? २७ तासांहून जास्त. आज रात्रीच्या आमटीत मीठ उद्या रात्री.

म्हणूनच स्वॅपला 'जादा रॅम' म्हणणं ही शुद्ध फसवाफसवी आहे. सोऱ्या माळ्यावर असला तर काही बिघडत नाही. पोळपाट-लाटणं माळ्यावर ठेवलं आणि प्रत्येक पोळीला शिडी लावावी लागली, तर त्या घरात जेवण होणार नाही. लॅपटॉप अडकतो, माउस झटके देत सरकतो, डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो, तेव्हा आत नेमकं हेच चाललेलं असतं. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग या संशोधकाने १९६८ मध्येच यावर निबंध लिहिला होता. कॉम्प्युटर आपलं काम सोडून नुसती पानांची ने-आण करत बसतो.

आणि इथेच पहिला गैरसमज संपतो. पोळपाटालाच ओट्यावर जागा नसेल, तर माळा दुप्पट मोठा करून काय उपयोग?

मग 'दुप्पट' आलं कुठून?

त्या काळासाठी ते बरोबर होतं. रॅम मोजक्या मेगाबाइटमध्ये मिळायची, महाग असायची आणि काम तिच्यात मावायचंच नाही. १६ एमबी रॅमच्या दुप्पट म्हणजे ३२ एमबी. डिस्कच्या मानाने किरकोळ. शिवाय काही जुन्या युनिक्स सिस्टिम प्रोग्रॅमला मेमरी देतानाच स्वॅपमध्ये तेवढी जागा राखून ठेवायच्या. तिथे रॅमपेक्षा कमी स्वॅप ठेवला, तर असलेली रॅमसुद्धा पूर्ण वापरता यायची नाही. २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ या मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्याही स्वॅपची जागा इतक्या सैलपणे वापरायच्या, की दुप्पट ठेवा असंच सांगितलं जायचं.

पुढे सिस्टिम सुधारल्या, रॅम हजारपट वाढली, सल्ला मात्र तसाच राहिला. ३२ जीबी रॅमला ६४ जीबी स्वॅप ठेवला तर त्यातला बहुतेक भाग कधीच वापरला जाणार नाही. आणि समजा वापरला गेलाच, तर एखादा बिघडलेला प्रोग्रॅम मेमरी खात सुटलाय आणि ६४ जीबी भरेपर्यंत लॅपटॉप दगडासारखा पडून आहे, असं दृश्य असेल. छोटा स्वॅप असता तर तो प्रोग्रॅम लवकर मेला असता आणि बाकीचं काम वाचलं असतं.

बरं, मग शून्यच ठेवला तर?

'माझ्याकडे १६ जीबी आहे, मला स्वॅप कशाला' असं म्हणणारे बरेच आहेत. वरवर पटतं. स्वॅपच नाही म्हणजे डिस्कवर ने-आण नाही, म्हणजे अडकणं नाही. पण तसं होत नाही, आणि यामागचं कारण जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे.

रॅममध्ये दोन प्रकारची पानं असतात. काहींची मूळ प्रत डिस्कवर आधीच असते. उदाहरणार्थ, ब्राउझरचा स्वतःचा कोड किंवा उघडलेली फाइल. ही पानं रॅममधून पुसली तरी चालतं, लागली की परत वाचता येतात. दुसऱ्या प्रकारच्या पानांची मात्र कुठेच प्रत नसते. अर्धवट टाइप केलेला आणि सेव्ह न केलेला अर्ज, टॅबमध्ये भरलेला फॉर्म, प्रोग्रॅमने चालता-चालता तयार केलेला डेटा. ही पानं पुसली तर गेलीच. ती ठेवायला रॅमबाहेर एकच जागा आहे, ती म्हणजे स्वॅप.

आता स्वॅप काढून टाकला तर ही दुसऱ्या प्रकारची पानं रॅममध्ये खिळा ठोकल्यासारखी बसतात. दोन दिवस कुणी हात न लावलेला टॅबसुद्धा आपली जागा सोडत नाही. जागा कमी पडली की सिस्टिमला पहिल्या प्रकारचीच पानं पुसावी लागतात, मग भले तो या क्षणी चालू असलेल्या ब्राउझरचा कोड का असेना. पुसला, लगेच लागला, परत वाचला, परत पुसला. म्हणजे स्वॅप नसतानाही डिस्कवर तीच धावपळ. माळा पाडला म्हणून पसारा कमी होत नाही, सोऱ्या ओट्यावर येऊन बसतो.

अगदीच हद्द झाली की लिनक्स शेवटचं हत्यार काढतं. त्याचं नाव ओओएम किलर. सगळ्या प्रोग्रॅमना गुण देऊन तो एकाला मारतो. सर्वांत जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम साधारण त्याच्या तावडीत सापडतो, आणि नेमकं तुमचं महत्त्वाचं काम त्यातच चालू असण्याची शक्यता दांडगी. थोडा स्वॅप असला तर निदान सावध व्हायला वेळ मिळतो. लॅपटॉप मंदावल्याचं दिसतं, माणूस फाइल सेव्ह करतो, चार टॅब बंद करतो.

आकडा ठरवायचा कसा?

सगळ्यात आधी रॅम बघू नका. आधी हे बघा की हायबरनेट वापरता का.

हायबरनेट म्हणजे लॅपटॉप पूर्ण बंद, बॅटरी शून्य खर्च, पण चालू केला की सगळं होतं तिथून पुढे सुरू. हे करायला रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवावं लागतं, आणि लिनक्समध्ये ते स्वॅपमध्येच उतरतं. झाकण मिटल्यावर होणारं स्लीप वेगळं. त्यात रॅम चालूच राहते, थोडी बॅटरी खाते आणि स्वॅपचा संबंध येत नाही. दिवसातून दोनदा वीज जाते अशा गावात जुन्या बॅटरीवर काम करणाऱ्याला हायबरनेट फार उपयोगाचं. घरात प्लगला लावून वापरणाऱ्याला बहुधा कधीच लागत नाही.

या एका उत्तराने आकडा किती बदलतो बघा. उबंटूच्या मदत-पानांवरचा हिशोब असा आहे : हायबरनेट नको असेल तर रॅमच्या वर्गमुळाएवढा स्वॅप ठेवा, हवं असेल तर रॅम अधिक ते वर्गमूळ. १६ जीबी रॅमला पहिल्या हिशोबाने ४ जीबी आणि दुसऱ्याने २० जीबी. एकाच लॅपटॉपसाठी पाचपट फरक! मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरसाठी लिनक्स बनवणाऱ्या रेड हॅटचा सल्ला थोडा वेगळा आहे. २ जीबीपर्यंत रॅम असेल तर दुप्पट, २ ते ८ जीबीला रॅमएवढाच, त्यापुढे किमान ४ जीबी. हायबरनेट हवं असेल तर ८ ते ६४ जीबी रॅमला दीडपट. म्हणजे 'दुप्पट' अजून जिवंत आहे, पण फक्त सगळ्यात छोट्या मशीनसाठी.

व्यवहारात याचा अर्थ काय? ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल तर ४ जीबी स्वॅप ठेवावा. पण त्यात अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर स्वॅपच्या आकड्यावर डोकं खाजवण्यापेक्षा एक साधी एसएसडी टाकणं शंभर पटींनी शहाणपणाचं. माळा तेवढाच राहील, पण शिडीच्या जागी जिना येईल. ८ जीबीवाल्याने ४ ते ८ च्या मध्ये काहीही ठेवावं, फार विचार करू नये. १६ किंवा ३२ जीबी असेल आणि हायबरनेट नको असेल, तर ४ जीबी ही पुरेशी सुरुवात आहे. व्हिडिओ एडिटिंग, एकाच वेळी दोन-दोन ऑपरेटिंग सिस्टिम चालवणं, लॅपटॉपवर एआय मॉडेल चालवून बघणं, असलं काही करत असाल तर ८.

सुरुवात म्हणायचं कारण असं, की हा आकडा आता दगडावरची रेघ नाही. पूर्वी स्वॅपसाठी डिस्कचा स्वतंत्र भाग पाडावा लागायचा आणि तो नंतर बदलणं म्हणजे जिवावरचं काम. उबंटूने १७.०४ या आवृत्तीपासून स्वतंत्र भागाऐवजी स्वॅप फाइल बनवायला सुरुवात केली. फाइल कधीही काढून मोठी करून परत लावता येते. हायबरनेटची भानगड नसेल तर सरळ फाइलच निवडावी.

विंडोजवाल्यांना यातलं काहीच ठरवायची गरज सहसा नसते. पेजफाइलचा आकार सिस्टिमकडे सोपवलेला असतो आणि तो तसाच राहू द्यावा. 'लॅपटॉप सुपरफास्ट करा' छाप रील्समध्ये पेजफाइल बंद करायला सांगतात, त्यांचं ऐकू नये. हायबरनेटसाठी विंडोज वेगळीच फाइल ठेवतं, त्यामुळे तो हिशोब यात मिसळत नाही. मॅक स्वॅप लागेल तसा वाढवतो, कमी करतो. तिथे एकच पथ्य, डिस्क गच्च भरू द्यायची नाही.

नुसता भरलाय, की ये-जा चालू आहे?

स्वॅप ठेवल्यावर लोक घाबरतात ते एका गोष्टीला. सिस्टिम मॉनिटर उघडला, स्वॅप २ जीबी भरलेला दिसला, की 'रॅम संपली' म्हणून हाय खातात. माळ्यावर सामान असणं हे काही वाईट लक्षण नाही. बघायचं ते हे, की शिडी दिवसातून किती वेळा लागतेय.

लिनक्समध्ये टर्मिनलवर व्हीएमस्टॅट ही कमांड १ हा आकडा जोडून चालवली, की दर सेकंदाला एक ओळ दिसते. त्यात एसआय आणि एसओ असे दोन रकाने असतात. पहिला स्वॅपमधून आत आलेलं दाखवतो, दुसरा बाहेर गेलेलं. पहिली ओळ मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्या. पुढच्या ओळींत शून्य-शून्य येत असेल तर स्वॅप कितीही भरलेला दिसो, निवांत राहा. नेहमीच्या कामात तिथे सतत मोठे आकडे धावत असतील, तर मात्र रॅम खरंच कमी आहे आणि स्वॅप वाढवून ती भरून निघणार नाही. टॅब कमी करा, हलका ब्राउझर घ्या, जमलं तर रॅम वाढवा.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलात की 'कमिटेड' नावाखाली दोन आकडे दिसतात. पहिला म्हणजे प्रोग्रॅमना कबूल केलेली मेमरी, दुसरा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून असलेली मर्यादा. सगळ्यात जड कामाच्या दिवशी हे दोन आकडे एकमेकांना टेकत असतील, तर चिंता करा. मॅकमध्ये ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख हिरवा आहे की लाल, एवढं पुरतं.

एसएसडी मरेल का?

तिसऱ्या सल्लागाराची भीती पूर्ण खोटी नाही. एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असतेच. पण हिशोब करून बघा. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडींवर कंपन्या साधारण ३०० टेराबाइट लिखाणाची हमी देतात. रोज २० जीबी फक्त स्वॅपपायी लिहिले गेले, जे खूपच झालं, तरी हमी संपायला १५ हजार दिवस लागतील. म्हणजे ४० वर्षांहून जास्त. तोपर्यंत लॅपटॉप राहतोय कुठे! रोज शेकडो जीबी लिहिले जात असतील तर गोष्ट वेगळी, पण तेव्हा खरा आजार रॅमचा असतो, डिस्क नुसती सोसत असते.

डिस्कला अजिबात हात न लावणारा एक मधला मार्गही आहे. थंडी संपली की आजी गोधड्या घट्ट दाबून, गुंडाळून त्याच कपाटात कोंबते, माळ्यावर नेत नाही. झेडरॅम हेच करतं. न लागणारी पानं दाबून रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवतं. दाबायला आणि उलगडायला प्रोसेसरची थोडी मेहनत जाते, पण डिस्कच्या मानाने हे कितीतरी वेगवान. फेडोरा या लिनक्सने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून हाच मार्ग नेहमीचा केला. मॅकमध्ये २०१३ पासून आणि विंडोज १० मध्येही अशीच दाबादाबी असते. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर झेडरॅम आणि सोबत थोडा डिस्कवरचा स्वॅप, ही जोडी सगळ्यात चांगली. फक्त झेडरॅमच्या भरवशावर हायबरनेट होत नाही, कारण लॅपटॉप बंद झाला की रॅम पुसली जाते.

आणि ते ८ अधिक ८?

अँड्रॉइड फोनमध्ये झेडरॅमची सोय २०१३ मधल्या ४.४ आवृत्तीपासून आहे, त्याची जाहिरात कुणी करत नाही. जाहिरात होते ती फोनच्या स्टोरेजमधून कापून घेतलेल्या जागेची. कुणी त्याला रॅम प्लस म्हणतं, कुणी व्हर्च्युअल रॅम, कुणी एक्स्टेंडेड रॅम. नावं कितीही असोत, वस्तू आहे माळाच. तो अधिकचा आकडा ओट्याला जोडून सांगितला जातो आणि १६ जीबी रॅमचा फोन स्वस्तात मिळाला असं गिऱ्हाइकाला वाटतं. दोन फोन तोलताना अधिकच्या चिन्हानंतरचा आकडा सरळ पुसून टाकावा.

घेतलेल्या फोनमध्ये ही सोय ठेवावी का? ४ जीबीच्या फोनमध्ये मागे ठेवलेली ॲप थोडी जास्त वेळ टिकतात, एवढा फायदा मिळू शकतो. ८ जीबी किंवा जास्त असेल तर फरक जाणवणं कठीण, आणि फोटो-व्हिडिओंनी आधीच भरत आलेल्या स्टोरेजमधले काही जीबी मात्र नक्की जातात. लॅपटॉपची एसएसडी झिजली तर बदलता येते, फोनमधली चिप तशी बदलत नाहीत. बऱ्याच फोनमध्ये सेटिंग्जमधल्या मेमरी किंवा रॅमच्या भागात जाऊन हे कमी करता येतं किंवा पूर्ण बंद करता येतं. बदल लागू व्हायला फोन एकदा रीस्टार्ट करावा लागतो.